चूक काढा हो माझी

बोतोशानच्या शाळेत अडतीस वर्षं रुमानियन व्याकरण शिकवलेले पोम्पिलियू सर अर्धांगवायूचा झटका आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा त्यांची बायको झेनोविया मुद्दाम अशुद्ध बोलायला लागली. त्यांच्या भाषेत 'शिवाय' म्हटलं की पुढे 'नाही' यायलाच हवं, आणि ते गाळणाऱ्याला सरांनी भर बाजारातही कधी सोडलं नव्हतं.

"चोर्ब्याशिवाय काही आणलंय मी," चमच्याने ते आंबट सूप भरवताना ती म्हणायची. "आज माझ्याशिवाय कोणी आलंय."

"काकू, 'नाही' कुठं गेलं?" इस्पितळातली नर्स हसायची. सर मात्र छताकडे बघत राहायचे.

त्रेचाळिसाव्या दिवशी तिचा धीर सुटला. "अहो, एकदा तरी चूक काढा हो माझी! रागवा, ओरडा, पण बोला! घरी भिंतींशी किती बोलू मी?" त्यांच्या उशीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.

केसांवर हात आला तशी ती दचकली. सरांचे ओठ वाकडे झाले, घशात घरघर झाली, आणि एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "मला... तुझ्याशिवाय... कोणी... आहे."

नर्स धावत आली. "काकू, सर बोलले! पण ते 'नाही'..."



"खबरदार," झेनोविया डोळे पुसत म्हणाली, "त्यातलं एक अक्षर बदलशील तर!"