मिठूची जागा

गॅलरीत नागपूरचं ऊन, हॉलमध्ये कूलरचा झोत, किचनमध्ये फोडणीचा ठसका. मिठूचा पिंजरा हातात घेऊन मी सकाळपासून घरभर हिंडत होतो.

"खाली ठेवला तर मांजर सोडन काय त्याले?" मी बायकोवर वैतागलो. "आता तूच सांग वं मंदा, कुठं टांगू?"

तिनं बेडरूमच्या छताकडे बोट दाखवलं. "तिथं टांगा ना जी. तो हूक तसाही पहिल्यापासून रिकामाच आहे."

मी स्टुलावर चढून पिंजरा टांगला. खाली उतरून पाहतो तर मंदा त्याला हळूच झोका देत होती.


चौदा वर्षांपूर्वी, घराचा स्लॅब टाकताना मिस्त्रीच्या मागे लागून, तिनंच तो हूक बाळाच्या पाळण्यासाठी बसवून घेतला होता.