येते म्हण

काटेबाईंनी बॅग पलंगावर उपडी केली. टूथब्रश, गरम पाण्याची पिशवी, अर्धीच वाचलेली कादंबरी, हॉटेलांतल्या साबणाच्या चपट्या वड्या. तळाशी लेकीचा, ठमीचा एक मोजा निघाला. आता तिच्या पायात शिरणारही नाही इतका लहान. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि रिकाम्या बॅगेची चेन लावून टाकली.

"सांगितलंस?" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले साहेब?"

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

गावोगावच्या कारखान्यांत जाऊन वजनकाटे तपासायचे, हे त्यांचं काम. म्हणून तर ऑफिसात त्या काटेबाई. महिन्यातून जेमतेम आठवडाभर घरी. आज त्यांनी फिरती निम्म्याहून कमी करून मागितली होती. मुलगी आपल्यावाचून मोठी होतेय, हे साहेबांसमोर बोलायला जीभ रेटेना, तेव्हा पाठदुखीचं कारण पुढे केलं. साहेब गळ घालतील, निदान कपाळाला आठ्या तरी घालतील, म्हणून त्यांनी उत्तरं घोकून ठेवली होती. साहेबांनी फिरतीच्या फळ्यावरचं त्यांचं नाव पुसलं आणि तिथे दुसरं लिहिलं. घोकलेलं सगळं वाया गेलं.

आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. वाईटही वाटेना. आत सगळं शून्यावर होतं. पण शून्य दाखवणारा काटा बरोबरच असतो असं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! कधी कधी तो नुसता अडकलेला असतो.

"ठमीला सांग ना," नवरा उलथनं हातात घेऊन दारात आला. "मीच सांगणार होतो. म्हटलं, तुझ्याच तोंडून कळू दे."

बाहेरच्या खोलीत ठमी फरशीवर बसली होती. तिने कापडाची हत्तीण बुटांच्या खोक्यात घातली, झाकण लावलं आणि खोका सोफ्याखाली ढकलला.

"ही कुठे निघाली?"

"कामाला."

काटेबाई तिच्या शेजारी टेकल्या. "ठमे, ऐक. आई आता सारखी बाहेरगावी जाणार नाही. घरीच असणार. तू शाळेतून आलीस ना, की मी इथेच असेन."

"बरं," ठमी म्हणाली, आणि खोका आणखी थोडा आत सरकवला.

साहेबांचं 'बरं' आणि हे 'बरं', दोन्ही एकाच वजनाची भरली.

"लहान आहे. कळेल हळूहळू," नवरा म्हणाला. घर एकहाती सांभाळून हा माणूस कधी कुरकुरला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्याने फ्रीज उघडला. "दूध संपलंय वाटतं."

"मी आणते." काहीतरी करायला मिळालं म्हणून काटेबाईंना हायसं वाटलं. त्यांनी चपला घातल्या. "जाते गं ठमे."

"जाते काय म्हणतेस? येते म्हण," नवरा आतून ओरडला. ही त्याच्या आईची सवय त्याला लागली होती.

"येते," काटेबाई म्हणाल्या.

ठमी लगेच उठली. फ्रॉक झटकून दारापाशी आली आणि पापा घ्यायला गाल पुढे केला. ना हट्ट, ना भोकाड. गेल्या वर्षी हाच शब्द ऐकला की ती पायाला मिठी मारायची. सोडवता सोडवता नवऱ्याच्या नाकी नऊ यायचे.

"नीट जा," ती म्हणाली. "पोचलीस की फोन कर."

"अगं वेडे, दूध आणायला चाललेय. कोपऱ्यावर."

"हो हो." ठमीने समजूतदारपणे मान डोलावली आणि दार लावून घेतलं.

दुकानात गेल्यावर काटेबाईंची पंचाईत झाली. निळी पिशवी की हिरवी? घरात कुठलं दूध येतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला.

"पोचलीस?" ठमीने विचारलं.

"पोचले," त्या म्हणाल्या. "बाबाला विचार ना, दूध कुठलं? निळं की हिरवं?"

"हिरवं," ठमीने परस्पर सांगितलं. "आणि वेळेवर जेव हं. ठेवते."

हिरवी पिशवी घेऊन त्या परत निघाल्या. जिना चढताना आपल्याला रडू येतंय का, हे त्यांनी तपासून पाहिलं. येत नव्हतं. त्यांनी बेल वाजवली.

दार ठमीनेच उघडलं. आईला बघून ती चकित झाली. कपाळाला बारीकशी आठी पडली.

"काय विसरलीस?"

"काही नाही गं. आले मी."

ते काही ठमीला पटलं नाही. तिने आईकडे एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पळत आत गेली. भिंतीवरच्या प्लगमधून तिने आईचा चार्जर ओढून काढला, वायर नीट गुंडाळली आणि दारात आणून दिला.

काटेबाईंच्या एका हातात दूध होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी चार्जर घेतला.