पाहुण्यांचा टॉवेल

ऑस्ट्रेलियातल्या पिलबराच्या लोखंडखाणीवर तीन आठवडे राबायचं आणि आठवडाभर घरी बाप व्हायचं, असलं रीसचं भिकार वेळापत्रक. पाळी संपवून तो खाणीवरच्या खोलीत आला आणि फोनवर समुपदेशक बाई दिसताच दबक्या आवाजात बोलू लागला. भिंत कागदासारखी, पलीकडे डूगन, रडणाऱ्या गड्याचं मेसमध्ये जिणं हराम करणारा हलकट. “या खेपेला घरी गेलो तर पोरीनं मला पाहुण्यांचा टॉवेल आणून दिला हो. म्हणाली, ‘किती दिवस आहेस?’” रीसला हुंदका आवरेना. पलीकडचा टीव्ही बंद झाला. मेलो, त्याला वाटलं. “ती तुम्हाला परकं मानत नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या जाण्याची आधीच तयारी करतेय.” भिंतीवर थाप पडली. “ए रड्या!” डूगन ओरडला. रीसनं डोळे मिटले. “बाईंना जरा मोठ्यानं बोलायला सांग की.” मग डूगनचा आवाज उतरला. “माझा पोरगा तर फोनच घेत नाही रे.”