गाडीचे कागद

बदली झाली तशी श्यामरावांनी आपली मोटारसायकल बागबाजारच्या मुकुंदला विकली. मुकुंदने भीतभीत कागदांचा विषय काढला, तर ते दुखावलेच. “परमुलखात मराठी माणसानं मराठी माणसाकडे कागद मागायचे? पाठवतो रे मागाहून!” मुकुंद असा काही ओशाळला, की त्यांना पुरणपोळीचं जेवण घालून हावड्याला गाडीत बसवूनच परतला.

महिन्याभरात बँकेची माणसं दारात आली. मोटारसायकल कर्जापोटी बँकेकडे गहाण होती आणि हप्ते थकले होते. मुकुंदच्या डोळ्यांदेखत त्यांनी ती नेली.

शेजारचे घोषालबाबू हळहळले. “श्यामरावांनी आधी मलाच दाखवली होती. मी कागद मागितले, तर म्हणाले, राहू द्या, आमच्यातलाच कोणीतरी बघतो.”