बिनशिक्क्याची ताटली

संग्रहालयाच्या बाईंनी पाचवी ताटली उलटी केली, भिंग लावलं आणि नाक मुरडलं. "हिच्या बुडाला कारखान्याचा शिक्काच नाही."

घड्याळजी खुर्चीतून पुढे सरकले. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करत, पोटाला चिमटा घेत पंचवीस वर्षांत त्यांनी या पाच ताटल्या मिळवल्या होत्या. युरोपातली दोनशे वर्षांपूर्वीची चिनीमाती, आणि प्रत्येकीवर हाताने रंगवलेला नदीकाठ. पूर्ण संच ठरला तर संग्रहालयात ताटल्यांना स्वतंत्र कपाट मिळणार होतं.

"चार अस्सल आहेत," बाई म्हणाल्या. "ही मात्र कोणीतरी तुमच्या गळ्यात मारलीय. संच म्हणून नाही घेता येणार."

"अहो, नीट बघा तरी!" घड्याळजींनी स्वतःच बूड अंगठ्याने चोळून बघितलं. शिक्का काय रुसून बसला होता, समजूत घातली की बाहेर यायला?

स्वयंपाकघराच्या दारात बायको फडकं घेऊन उभी होती. "मी काय म्हणते..."

"तू थांब गं जरा." ते बाईंकडे वळले. "हिला यातलं काही कळत नाही. ही नुसती पुसते."

"पुसतेच की, दर रविवारी. म्हणून तर सांगतेय, ही काढलीत तर गाडी नदीत पडेल."

"कसली गाडी?" दोघांनी एकदमच विचारलं.

तिने चार ताटल्या सुलट्या करून ओळीने मांडल्या, मधे एकीची जागा सोडून. पहिलीत पांढऱ्या घोड्याची गाडी गिरणीतून निघालेली. दुसरीत नदीशी आलेली. मग रिकामी जागा. नंतर गाडी पलीकडच्या काठावर, आणि शेवटी घराच्या दारात. प्रत्येक वेळी मागे मोहरीएवढं कुत्रं, एक कान काळा.

मधल्या जागेवर तिने बिनशिक्क्याची ताटली ठेवली. गाडी ऐन पुलावर होती. मागे कुत्रं. एक कान काळा.

"हिच्याशिवाय गाडी पलीकडे गेली कशी? पोहत? तुम्ही दोघं आपले बुडंच बघत बसलात!"

बाईंनी पुन्हा भिंग लावलं, या खेपेला सुलट्या बाजूला. पाचही ताटल्या बघून होईपर्यंत घड्याळजी भिंगामागोमाग वाकत राहिले.

"हात एकाच चित्रकाराचा आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "हिच्यावर शिक्का मारायचा राहिला असेल. संच पूर्ण आहे."

घड्याळजींना ते कुत्रं आज पहिल्यांदाच दिसलं होतं. लाज वाटली, नाही असं नाही. पण बायकोकडे बघताना छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली गेली.

बाईंनी पेन काढलं. "कपाटाच्या पाटीवर 'संग्राहक' म्हणून लिहायला तुमचं पूर्ण नाव सांगा."

घड्याळजींनी बायकोला खांद्याला धरून पुढे केलं.

"हिचं लिहा. मी नुसता विकत आणायचो."