तिसऱ्या कुंडीतली माती

मानवजात आणि सर्वनाश यांच्या मधोमध त्या सकाळी एकटी एक बाई उभी होती. ती चमचा शोधत होती.

"आई, घरातले चमचे कुठे गेले सगळे?"

"तुझ्या प्रयोगशाळेत," सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या. "आम्ही चहा आता बोटानं ढवळतो."

बाई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. बावीस वर्षं ती औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या मागे लागली होती. त्यातला सर्वांत निगरगट्ट जंतू प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होता. अकरा औषधं पचवून पुन्हा टुणटुणीत, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. बारावं औषध बाजारात येऊन वर्ष झालं होतं, पण प्रयोगशाळेसाठी केलेली त्याची मागणी भांडार विभागात आठ महिने सहीवाचून पडून होती. तेव्हा ती मातीकडे वळली. मातीतले जंतू आपसात भांडतात आणि भांडताना एकमेकांवर विष सोडतात. त्यातलं एखादं जावईबापूंना लागू पडेल, अशी तिला आशा होती. बागा झाल्या, मैदानं झाली, शेजाऱ्यांची अंगणं झाली. चारशे नमुने तपासून झाले. जावईबापू ढिम्म.

महिनाअखेर समिती येणार होती. हाती काही लागलं नाही तर प्रयोगशाळा बंद आणि त्या जागी उपाहारगृह. संचालकांनी टेबलांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

"आता कुठली माती उरलीय म्हणून चमचा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या कुंड्यांतली."

सासूबाईंचा पेला ओठांपाशीच थांबला. "ती कशाला? चारचौघांत न्यावी अशी माती आहे का ती? न्यायचीच तर त्या कोपऱ्यातली ने."

"पाचही नेते."

सासूबाई त्या गॅलरीला फार जपत. गेल्या महिन्यात त्यांना खोकला झाला, तेव्हाही त्यांनी तिथली खुर्ची सोडली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बाजारात नव्यानं आलेल्या, भारीतल्या गोळ्या लिहून दिल्या. सून आधी डॉक्टरांवर उखडली, "साध्या खोकल्याला तोफ कशाला?" मग सासूबाईंकडे वळली. "पण सुरू केल्यात ना? मग अर्धवट सोडायच्या नाहीत. दिवसातून दोन, जेवणानंतर, सात दिवस. एकही चुकवायची नाही."

सासूबाईंनी कधी नव्हे ते निमूट ऐकलं. जेवण झालं की गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्या गॅलरीत जात, उरलेलं पाणी झाडाला घालून परत येत. आठव्या दिवशी चौदा खळग्यांचं रिकामं पाकीट त्यांनी सुनेच्या हातावर ठेवलं. खोकलाही गेला होता. सुनेनं पाकिटाचा फोटो काढला आणि आपल्या व्याख्यानात लावला. खाली लिहिलं, 'आदर्श रुग्ण'.

माती नेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, असाल तशा या. जावईबापूंचं काही खरं नाही!"

काचेच्या बशीत जावईबापूंचा पांढुरका थर पसरला होता आणि त्या थरात रुपयाएवढा स्वच्छ गोल पडला होता. गोलाच्या मध्यभागी होता तिसऱ्या कुंडीतल्या मातीचा अर्क. खुर्चीला लागून असलेली कुंडी ती. बाकीच्या चार कुंड्यांनी जावईबापूंचा केसही वाकडा केला नव्हता. तिनं प्रयोग पुन्हा केला. मग पुन्हा. तिन्ही वेळा गोल. फक्त ते विष तयार करणारा जंतू काही केल्या बशीत वाढेना.

"लाजाळू असेल," सहकारी म्हणाला.

"प्रतिभावंत तसेच असतात," ती म्हणाली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा पाच वाजता घरी गेली.

"आई, तुमच्या कुंडीनं माझी प्रयोगशाळा वाचवली!"

"कुठल्या कुंडीनं?"

"तिसऱ्या."

सासूबाईंनी खुर्ची कुंडीच्या आड सरकवली. "योगायोग असेल गं."

"योगायोग तीनतीनदा होत नाही."

"समितीला दुसरं काहीतरी दाखवता नाही का येणार? ते तुझं यंत्र आहे ना, गरगर फिरणारं. ते दाखव."

सुनेला भरून आलं. एवढी विनयशील सासू शोधून सापडायची नाही.

बातमी जिन्यानं वरखाली झाली. शेजारणी वाट्या घेऊन आल्या. सासूबाईंनी कुणालाही चिमूटभर माती दिली नाही. "तब्येतीला बरी नाही ती," एवढंच म्हणाल्या.

समिती ठरल्या दिवशी आली. तिनं बशी पाहिली, टाळ्या वाजवल्या आणि कुंडी पाहायचा हट्ट धरला. मग सगळी वरात घरी. गॅलरीत सातजण आडवे-तिडवे उभे राहिले. संचालक शेवटी उंबऱ्यात, खिशातली मोजपट्टी उगाच चाचपत. अध्यक्ष गुडघ्यांवर बसले, कुंडीत डोकावले आणि त्यांनी चष्मा पुसला.

"पाच वर्षं मुदतवाढ," ते कुंडीलाच म्हणाले. "नवी यंत्रं. मी आजच सही करतो." मग ते सासूबाईंकडे वळले. "फक्त एक सांगा, आजी. अगदी नीट आठवून. बाकीच्या कुंड्यांत घालत नाही असं काय घालता तुम्ही हिच्यात?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"असेल ते सांगा, आई. विज्ञानात लपवण्यासारखं काही नसतं."

"रागावणार नाहीस?"

"मी? आज?" सून हसली.

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या.

"दिवसातून दोन," त्या म्हणाल्या, "जेवणानंतर, सात दिवस. एकही चुकवली नाही."