कोणातर्फे?

लुसील थिबोडो माईकसमोर येऊन बसली, तेव्हा समितीचे अध्यक्ष व्हिटकोम सँडविच खात होते. साक्ष ऐकता ऐकता जेवायची मुभा आमदारांना होती. साक्ष देणाऱ्याला दालनात पाण्याची बाटली आणायलाही बंदी.

"नाव, गाव आणि कोणातर्फे आलात," अध्यक्ष घास चावत म्हणाले. "तीन मिनिटं आहेत. लाल दिवा लागला की थांबायचं."

समोर सात आमदार होते. एकाचं लक्ष फोनमध्ये, एक बाई स्वतःची नखं न्याहाळत होत्या, आणि कोपऱ्यातले म्हातारे गृहस्थ खुशाल पेंगत होते. राज्याच्या विधिमंडळातली कामगार समिती मोडायची आणि तिचं काम व्यापार समितीच्या गळ्यात घालायचं, असा ठराव या सातजणांपुढे होता. कोंबड्यांची गाऱ्हाणी कोल्ह्याने ऐकायची, दुसरं काय! कारण म्हणे वेळ वाचतो. कोणाचा, ते ठरावात लिहिलेलं नव्हतं.

"लुसील थिबोडो. उत्तरेकडच्या सेंट-आँजची," ती म्हणाली. "माझ्यातर्फेच आलेय. ती समिती मोडू नका, एवढं सांगायला."

"नोकरी कुठे करता?"

लुसीलने चोरट्या नजरेने मागे पाहिलं. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय असं सांगून तिने कारखान्यातून सुट्टी घेतली होती. आणि इथे तिसऱ्या रांगेत बसला होता स्टार्क. विधिमंडळात कारखान्याची वकिली करत फिरायचा पगार घेणारा माणूस. दर नाताळात तो कारखान्यात येऊन कामगारांना टर्की वाटायचा, प्रत्येकीबरोबर फोटो काढायचा. बावीस वर्षांत बावीस टर्क्या त्याने लुसीलच्या हातात ठेवल्या होत्या. पण सरकत्या पट्ट्यावर बटाटे कापणाऱ्या बायका टोपी, मास्क, गॉगल घालून उभ्या असत, त्यामुळे त्याने तिला ओळखलं नव्हतं. तोंड उघडं असतं तरी त्याने पाहिलं असतं, असं नाही. आडनावाची भीती नव्हती, उत्तरेत थिबोडो पैशाला पासरी. भीती होती ती कारखान्याच्या नावाची. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस त्या कारखान्याच्या विम्यावर चालत होतं.

"कामगार समितीत हे विचारत नाहीत, साहेब."

खरंच विचारत नसत. तीन वर्षांपूर्वी तिच्या शेजारी काम करणाऱ्या डोरिसची दोन बोटं यंत्रात गेली, तेव्हा लुसील त्या समितीपुढे बोलून आली होती. तिथल्या अध्यक्षबाईंनी कागदावर फक्त 'कामगार' एवढंच लिहून घेतलं. दोन महिन्यांत यंत्राला जाळी बसली. तोंड कोणी उघडलं, ते कारखान्याला आजवर कळलेलं नव्हतं.

"म्हणूनच तर ती समिती बंद करायची पाळी आली," व्हिटकोम म्हणाले. दालनात हशा पिकला. हसणाऱ्यांचे कोट चांगले होते. "इथे लपवाछपवी चालत नाही, मॅडम. का हो, नोकरीची लाज वाटते का सांगायला?"

हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला. तिची मिनिटं ही अशी यांच्या चौकशीतच चालली होती. लुसीलने सातही तोंडं एकदा नीट पाहून घेतली. तिच्या पट्ट्यावर लघवीला जायचं तरी हात वर करून परवानगी मागावी लागते. यांना तिथे उभं केलं, तर पहिल्या तासाला सातही हात वर जातील. इतका वेळ ती यांना घाबरत होती, आता तिला त्यांची नुसती किळस आली.

"लाज मला कशाला वाटेल?" ती म्हणाली. "पिंकहॅम बटाटा कारखाना. तीन नंबरचा पट्टा. लिहा."

तिसऱ्या रांगेत स्टार्कची मान वर झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे लक्ष देऊन पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

"बघा, माझं नाव मागे लिहून घेतायत," लुसील म्हणाली. "उद्या नाहीतर परवा मला काढतील. विमा जाईल, नवऱ्याचं डायलिसिस बंद पडेल. मग मी दाद मागायला कोणाकडे जायचं, ते सांगा."

लाल दिवा लागला. व्हिटकोमनी बोटांना लागलेली मोहरीची चटणी रुमालाला पुसली आणि घड्याळ पाहिलं. तीस वर्षांच्या आमदारकीत विधिमंडळाच्या जिन्यावर, गाडीच्या दाराशी, चर्चच्या पायरीवर ज्या कामगाराने म्हणून त्यांना गाठलं, त्या प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. ते इतकं तोंडात बसलेलं की आपोआप बाहेर आलं.

"मॅडम, असल्या तक्रारींसाठी कामगार समिती आहे. तिकडे अर्ज द्या. चला, पुढचं नाव."

या वेळी कोणी हसलं नाही. नखं पाहणाऱ्या बाईंनी हात टेबलाखाली घेतले. पेंगणारे गृहस्थ जागे होऊन "काय झालं?" असं शेजाऱ्याला विचारू लागले. कामकाज टिपणाऱ्या क्लार्कबाईंची बोटं थांबली होती.

"साहेब," त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे नोंदीत घेऊ?"

व्हिटकोम पुढच्या नावाचा कागद शोधू लागले.

"घ्या ना, बाई," लुसील उठत म्हणाली. "एवढंच सांगायला मी चार तास बर्फातून गाडी हाकत आले होते."